दुसरी कॅसेट

दत्तोपंतांनी खटका दाबला. पुठ्ठ्याच्या गरुडाचा डावा पंख हलला, उजवा तसाच राहिला.

"बंद करो, बंद करो!" ट्रॉलीखालून आवाज आला. "पट्टा उतरला!"

दत्तोपंतांनी मोटर बंद केली. घरच्या पोरानं पाहुण्यांसमोर हट्ट केल्यासारखे ते ओशाळले.

"पहिल्या दिवशी हे असंच होतं बेटा," ते सुरभीला म्हणाले. "चतुर्दशीपर्यंत बघ, उडायला लागतो."

"उडेल की काका," सुरभी म्हणाली आणि हातातली कॅसेट तिनं लाउडस्पीकरवाल्या देवेंद्रपुढे धरली. "भिया, पहिली बाजू, पहिलं गाणं. अगदी सुरुवातीला लावून ठेवा. आणि माझा माइक बंद."

"बंद? फिर आपकी आवाज, दीदी?"

"ह्यातच आहे."

देवेंद्रनं कॅसेट उलटसुलट करून पाहिली. कव्हरवर सुरभीच होती, निळा चष्मा डोक्यावर सारलेली, पंख्याच्या वाऱ्यानं केस उडालेली. देवेंद्र धंद्यातला माणूस. त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"समझ गया," तो आवाज खाली आणत म्हणाला. "टेंशन मत लो. आगे तो सब बुनाई वाले बुढ्ढे बैठे हैं. आधे बहरे, आधे पूरे बहरे."

सुरभी हसली. असंच काहीसं तिनंही मनात धरलं होतं, आणि त्याबद्दल तिला थोडी लाजही वाटत होती.

मिल बंद पडून पुष्कळ वर्षं झाली होती. भोंगा गेला, माग भंगारात गेले, आवारात गवत माजलं. पण गणपती आले की चौकीदार फाटक उघडायचा आणि जुने कामगार आत येऊन झांकी बांधायला बसायचे. अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलच्या झांक्या निघतात, हलत्या पुतळ्यांचे देखावे ट्रॉल्यांवर चढवून, दिव्यांनी मढवून. ज्या मिलमधून वीतभर कापड निघत नव्हतं तिची झांकी मात्र निघायची. आणि पलीकडच्या, तितक्याच बंद मिलपेक्षा आपली झांकी सरस ठरावी म्हणून हे लोक जिवाचं रान करायचे. कुणी सांवेर रोडच्या फॅक्टरीत रखवालदार झाला होता, कुणी भंवरकुआंच्या होस्टेलांमध्ये डबे पोचवत होता. भाद्रपदात सगळे पुन्हा मिलचे व्हायचे. बाहेरगावच्या माणसाला यातलं काही समजावता येत नाही.

यंदा झांकी समितीचे अध्यक्ष दत्तोपंत यांच्या डोक्यात एक नवी कल्पना आली होती. चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी देखाव्याची चाचणी असते, मिलच्या घरांतली सगळी माणसं जमतात. त्या दिवशी आपल्या बुनाई खात्यातल्या प्रतापरावांची मुलगी पहिल्या ट्रॉलीवर उभी राहून एक गाणं म्हणेल. टीव्हीच्या स्पर्धेत गाजलेली, मुंबईच्या कंपनीनं कॅसेट काढलेली मुलगी दुसऱ्या कुठल्या मिलकडे होती? विचारायला ते स्वतः नंदानगरच्या घरी आले होते आणि सुरभीनं तोंड उघडायच्या आत तिच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, हो म्हणून टाकलं होतं.

खुर्च्या भरत आल्या. मागच्या रांगांत बायका-पोरांचा गलका होता. पुढच्या दोन रांगा बुनाई, म्हणजे विणाई, खात्याच्या. त्याही भरभर बोलत होत्या, हातवारे करत होत्या, हसत होत्या, पण आवाज म्हणून नव्हता. शेकडो मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेली ही माणसं. तिथं शेजाऱ्याचं बोलणं कानानं ऐकणं शक्यच नसायचं, म्हणून सगळे ओठांवरून वाचायला शिकले. मिल सुटली तेव्हा कान मिलमध्येच राहून गेले होते.

पहिल्या रांगेत मधोमध प्रतापराव बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. सुरभीनं ट्रॉलीच्या आडून त्यांच्याकडे पाहिलं. दारावरची थाप त्यांना कळायची ती पायाखालच्या फरशीतून. बाकी सगळं जग ते डोळ्यांनी घेत. लहानपणापासून सुरभी त्यांच्याशी समोर बसून, तोंड नीट उघडून, एकेक अक्षर दिसेल असं बोलत आली होती. टीव्हीवरच्या परीक्षकांनी तिच्या स्वच्छ उच्चारांची तोंडभर स्तुती केली होती. त्यांना काय माहीत. पुढे कॅसेटचा व्हिडिओ काढताना दिग्दर्शकानं मात्र डोक्याला हात लावला होता. "इतकं तोंड नको उघडू गं, दाढा दिसतात," तो म्हणाला होता.

ती स्पर्धा झाली तेव्हा गल्लीत केबल नुकतीच आली होती. सुरभी शेवटच्या तिघांत पोचली. त्या संध्याकाळी नंदानगरात एका घरासमोर इतकी चपलांची रास पडली होती की परतताना निम्मे लोक दुसऱ्याच्या चपला घालून गेले. मग मुंबईच्या कंपनीनं तिच्याशी तीन कॅसेटींचा करार केला. पहिली निघाली आणि काही महिने इंदूरच्या टेम्पोंमध्ये, चहाच्या गाड्यांवर, लग्नाच्या बँडमध्ये तेच गाणं होतं.

फक्त त्या गाण्यातला आवाज तिचा नव्हता. म्हणजे तिचाच होता. रेकॉर्डिंग ऐकताना कंपनीचे धनेशजी म्हणाले होते, "छान आहे, पण आवाज जरा मोठ्या बाईचा वाटतो. थोडा वर घ्या." रेकॉर्डिंग करणाऱ्यानं एक बटण फिरवलं, टेप किंचित वेगानं धावायला लागली आणि सुरभीच्या गळ्यातून एक सोळा वर्षांची पोर गाऊ लागली. खोलीतले सगळे खूश झाले. त्या दिवशी सुरभीही खूश झाली होती, हे खोटं कशाला सांगा.

पण मग कार्यक्रम सुरू झाले. ती आपल्या पट्टीत गायली की लोक म्हणायचे, कॅसेटसारखं नाही वाटत. कॅसेटच्या पट्टीत गायला गेली तर वरच्या सुरांना गळा चिरायचा. भोपाळला एकदा भर मैदानात तो फाटला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यानंतर कंपनीनं सांगितलं, आता टेप लावायची, तू ओठ हलव. कॉलेजची संमेलनं, दुकानांची उद्घाटनं, नववर्षाच्या पार्ट्या. एक गाणं आणि ओठ. माणसाला कशाचीही सवय होते.

दुसऱ्या कॅसेटची गाणी तयार होती. गोरेगावच्या एका खोलीत म्हाताऱ्या संगीतकारांनी ती तिच्याकडून हार्मोनियमवर बसवून घेतली होती, तिच्या खऱ्या, खालच्या पट्टीत. "हा तुझा मुक्काम," ते म्हणायचे. "इथून गा." तशी गाणी तिला पुन्हा मिळाली नाहीत. रेकॉर्डिंगची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. मग रीमिक्सचे दिवस आले. संगीतकार वारले. सुरभी इंदूरला परत आली ती चार दिवसांसाठी, आणि राहिली.

आणि काल धनेशजींचा फोन आला होता.

"दुसरा अल्बम करतोय," ते म्हणाले. सुरभी तिथंच जमिनीवर बसली. "तीच गाणी, नवीन बीट टाकून. फक्त आवाज यंदाच्या शोमधल्या त्या मुलीचा घेतोय. पातळ आहे, चालेल. चेहरा तुझा. लोकांना तुझा चेहरा ओळखीचा आहे, तिचा कुणाला ठाऊक?"

"आणि कव्हरवर नाव?"

"तुझंच. अगं, तुझाच अल्बम आहे हा. व्हिडिओत ओठ तेवढे हलवायचे. तुला सवय तर आहेच."

तिनं एक दिवस मागून घेतला होता. धनेशजी आज संध्याकाळी सातला पुन्हा फोन करणार होते. आईला तिनं एवढंच सांगितलं होतं की दुसऱ्या कॅसेटचं काहीतरी चाललं आहे, आणि आज सकाळी नळावर तिघी बायकांनी सुरभीचं अभिनंदन केलं होतं.

"चलो दीदी," देवेंद्रनं खूण केली.

ती ट्रॉलीवर चढली. दत्तोपंतांनी चार शब्द बोलायचे म्हणून पुष्कळ बोलून घेतलं. मग स्पीकर खरखरला, ढोलकी सुरू झाली आणि ठरल्या जागी सुरभीचे ओठ उघडले. कुठं मान झुकवायची, कुठं हात वर न्यायचा, सगळं अंगवळणी पडलेलं होतं. मागच्या रांगांतून टाळ्या पडू लागल्या. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. लक्ष्मीबाई बायकांमध्ये बसून पदरानं डोळे पुसत होत्या.

पुढच्या दोन रांगा अगदी स्तब्ध होत्या. ही माणसं ओठांकडे बघतात हे सुरभीला जन्मापासून माहीत होतं. त्यांची नजर कुठं टेकते ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. आज ती नजर ओठांवर नव्हती. थोडी खाली होती, हनुवटीच्या खाली. बाबांच्या शेजारी बसलेल्या चिंतामणकाकांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला आणि प्रतापरावांकडे वळून काहीतरी विचारलं.

गाणं संपलं. मागून "वन्स मोअर"चा गजर झाला. बुनाई खात्यानंही टाळ्या वाजवल्या, सावकाश, उभं राहून. आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं असतात तसे त्यांचे चेहरे होते. सुरभीला काही कळलं नाही. तिनं हात जोडले आणि ती खाली उतरली. मागे दत्तोपंतांनी पुन्हा खटका दाबला आणि या खेपेला गरुडाचे दोन्ही पंख हलले, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

घरी येऊन तिनं तोंड धुतलं तोवर चिंतामणकाका दारात हजर. कागदाची पुडी हातात होती.

"ताप आहे का अंगात?" ते ओरडले. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नसे, त्यामुळे त्यांची विचारपूसही चार घरांना ऐकू जायची.

"कुणाला?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"सुरभीला. गळा गेलाय ना तिचा? हे ज्येष्ठमध आणलंय. चघळत ठेवायला सांगा, वहिनी."

"काहीतरीच काय भाऊजी! आत्ता तर गायली ती. सगळी मिल ऐकून राहिली होती."

चिंतामणकाकांनी त्यांचे ओठ वाचले आणि मान हलवली.

"गायली कुठं? नुसतं तोंड हलवलं पोरीनं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं ना. आवाज नव्हता तरी उभी राहिली आमच्यासाठी. नाही म्हणाली असती तर कोण काय बोलणार होतं? पण नाही." त्यांचे डोळे भरून आले. "प्रताप, तुझी पोरगी खरी बुनाई खात्याची निघाली यार."

प्रतापराव खाटेवर बसले होते. सुरभीनं पुडी घेतली, कारण न घेणं शक्य नव्हतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

चिंतामणकाका गेले आणि मागल्या गल्लीतून काढ्याचा पेला आला. काढा घेऊन आलेल्या बाईच्या नवऱ्यानं निरोप दिला होता की तीन दिवस बोलायचं नाही, खुणा करायच्या. मग रिक्षा बाजूला लावून आणखी एकजण आला, तो ज्येष्ठमधच घेऊन, फक्त त्याला मुलेठी म्हणत. एक म्हातारे बोलायला न थांबता उंबऱ्यावर मधाची बाटली ठेवून परत फिरले. त्याच वेळी शेजारची निधी धावत आली आणि सुरभीच्या गळ्यात पडून म्हणाली, "दीदी, क्या गाया यार! एकदम कॅसेट जैसा!" ज्यांना ऐकू येत होतं ते अभिनंदन करत होते आणि ज्यांना येत नव्हतं ते औषधं आणत होते.

खात्यात गप्पा मारायच्या तर नुसते ओठ हलायचे. पण कुणाचा हात यंत्रात सापडला की माणूस खरोखर ओरडायचा, आणि त्या खडखडाटात ते ओरडणं कुणालाही ऐकू जायचं नाही. ते दिसावं लागायचं. गळ्याच्या शिरा, छातीचा भाता, मानेचा ताण एवढ्यावरून शेजाऱ्यानं ओळखायचं की हा नुसतं बोलत नाही, ह्याचा आवाज निघतोय, आणि धावत जाऊन माग थांबवायचा. बोटं शाबूत राहिलेल्या प्रत्येक माणसाला ही नजर आलेली होती. त्यांनी पाहिलं, पोरीचा गळा हलत नाही. सुरभी त्यांच्यासमोर लबाडी करेल हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं, म्हणून ती आजारी होती.

शेवटचा माणूस गेल्यावर लक्ष्मीबाईंनी दार लोटलं.

"खरं आहे हे?"

"हो," सुरभी म्हणाली.

"म्हणजे मी ऐकलं ते?"

"टेप होती. माइक बंद होता."

लक्ष्मीबाई खुर्चीवर बसल्या. "मी रडले तिथं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. टेपवर रडले म्हणजे."

सुरभीनं मग सगळंच सांगून टाकलं. फिरवलेलं बटण, भोपाळच्या शिट्ट्या, इतक्या वर्षांचे ओठ, आणि कालचा फोन. नवीन मुलीचा आवाज, आपला चेहरा. बोलताना ती सवयीनं तोंड नीट उघडून बोलत होती आणि खाटेवरून प्रतापराव एकेक शब्द घेत होते. लक्ष्मीबाई ऐकत राहिल्या. गल्लीत 'दुसरी कधी येतेय?' या प्रश्नाला त्या इतकी वर्षं 'येईल, काम चालू आहे' म्हणून उत्तर देत आल्या होत्या. ते उत्तर देताना त्यांची मान ताठ असायची, आणि घरात शिरल्यावर त्या बराच वेळ कुणाशी बोलायच्या नाहीत.

"नाव तुझंच असेल ना पण?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"मग..." त्या म्हणाल्या.

आईचा सुरभीला राग आला नाही. तिनं स्वतःही काल रात्रभर त्याच 'मग'शी झटापट केली होती. दुसरी कॅसेट तिला हवी होती. इतकी हवी होती की परकीच्या आवाजातली का होईना, एकदा हातात धरावी, वास घ्यावा, दुकानाच्या काचेत आपलं नाव बघावं असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटण्याची शरमही उरली नव्हती.

"गळ्याला काही झालं नाही?" प्रतापरावांनी विचारलं. त्यांचं बोलणं सपाट होतं, चढउतार नसलेलं.

सुरभी त्यांच्यासमोर जाऊन बसली. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी ती म्हणाली, "नाही बाबा. गळा ठीक आहे."

"मग का नाही गायलीस?"

"लोकांना तो कॅसेटमधला आवाज पाहिजे. तो माझ्यात नाही."

प्रतापरावांनी त्यावर विचार केला. कॅसेटमधला आवाज ही वस्तू त्यांच्या दुनियेत कधी नव्हतीच.

"तुम्ही तो व्हिडिओ कधी बघितला नाहीत," सुरभी म्हणाली. इतकी वर्षं मनात राहिलेलं होतं ते. "टीव्हीवर लागला की उठून जायचात. माझे कपडे आवडले नाहीत ना तुम्हाला?"

"कपडे?" प्रतापरावांना खरंच नवल वाटलं. "कपड्यांचं काय? त्यात तू गात नव्हतीस. बघायचं काय होतं त्यात?"

सुरभी त्यांच्या आणखी जवळ सरकली.

"स्पर्धेतलं पाहिलं होतं मी," ते म्हणाले. "शेवटच्या दिवसाचं. इथून आलं होतं." त्यांनी तिच्या बरगड्यांच्या खाली बोट दाखवलं. "इथून वर गेलं, मग इथं, मग तोंडात. सगळं दिसलं मला. मला वाटलं, आता पुन्हा दिसेल. टीव्ही लावून बसायचो. पुन्हा दिसलंच नाही. फार वाट पाहिली गं."

सुरभीला रडू आलं आणि तिनं ते आवरलंही नाही. बाबा कधी असं बोलले नव्हते. तिनं स्वतःचे गाल पुसले, स्टूल ओढून खिडकीपाशी नेलं, चेहऱ्यावर उजेड पडेल असं, आणि बाबांना खाट पुढे घ्यायला लावली.

पहिला सूर अडकला. मोठ्यानं गाऊन तिला किती दिवस झाले होते कोण जाणे. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा धरला. खालून, गोरेगावच्या त्या खोलीतल्या पट्टीतून. आवाज जाडसर होता, मोठ्या बाईचा, कडेला थोडा खरखरीत. आणि ती आता मोठी बाई झालीच होती. गाणं साधंच होतं. परक्या गावात राहणारं कुणीतरी संध्याकाळी आपल्या घराची खिडकी आठवतं, ती उघडी असेल की मिटलेली असेल, एवढंच त्यात होतं. प्रतापराव गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले होते. त्यांची नजर तिच्या गळ्यावरून छातीवर आणि पुन्हा ओठांवर जात होती, आणि श्वास तिच्याबरोबर चालला होता.

लक्ष्मीबाई काढ्याचे पेले उचलत होत्या. त्या पेले हातात घेऊनच उभ्या राहिल्या. ध्रुवपद संपलं तसं त्यांनी विचारलं, "हे कुठलं गं? मी नाही ऐकलं कधी."

"दुसऱ्या कॅसेटमधलं," सुरभी म्हणाली.

लक्ष्मीबाईंनी पेले खाली ठेवले.

"थांबू नको," प्रतापराव म्हणाले.

सुरभीनं कडवं सुरू केलं आणि फोन वाजला.

तिनं तो ऐकला, लक्ष्मीबाईंनीही ऐकला. प्रतापरावांना तो वाजलेला माहीत नव्हता; त्यांना फक्त मुलीची नजर बाजूला गेलेली दिसली आणि गळ्यातला सूर डळमळलेला दिसला. त्यांनी हात हलवला. पुढे, पुढे म्हण. फोन वाजत राहिला. सुरभीचे पाय उठायला निघाले होते, तिला ते कळत होतं. पलीकडे सगळं होतं, काचेतलं नाव, कव्हरवरचा चेहरा, आईची ताठ मान. तिनं डोळे मिटून घेतले आणि ती गात राहिली.

लक्ष्मीबाईंनी जाऊन रिसीव्हर उचलला.

"हो. घरीच आहे," त्या म्हणाल्या. मग पलीकडचं ऐकून घेतलं. "नाही जी. टेप नाही लावलेली."

पलीकडून आणखी काहीतरी विचारलं गेलं. लक्ष्मीबाईंनी खिडकीकडे पाहिलं. दिवेलागणीच्या उजेडात मुलगी गात होती आणि नवरा पोरासारखं तोंड उघडं टाकून बघत होता.

"आत्ता तिला बोलवता नाही येणार," त्या म्हणाल्या. "ती गाऊन राहिली आहे."

रिसीव्हर त्यांनी खाली ठेवला नाही. खोलीच्या दिशेनं तो तसाच हातात धरून, कडवं संपेपर्यंत, त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.